कविता, आत्मकथन आणि पीएचडी, तिन्ही एकत्र करायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर वर्षी एमएचं दुसरं वर्ष संपत आलं की डिपार्टमेंटच्या बाहेर दोन-चार जण घुटमळताना दिसतात. वहीत कविता असतात, डोक्यात आजीची किंवा वस्तीची गोष्ट असते, आणि विचारायचं असतं की मॅडम, हे सगळं धरून प्राध्यापक होता येतं का. तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतेय. नियम बदलत राहतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी यूजीसीचं (विद्यापीठ अनुदान आयोगाचं) आणि आपल्या विद्यापीठाचं परिपत्रक स्वतः वाचा, मित्राच्या स्टेटसवर विसंबू नका.

असं करिअर खरंच असतं का, की आपणच स्वप्न बघतोय?

या नावाची पोस्ट कुठेच निघत नाही. जाहिरात येते ती 'सहायक प्राध्यापक, मराठी' किंवा 'इंग्रजी' किंवा 'समाजशास्त्र' अशीच. पण असं जगलेली माणसं आपल्याकडे आहेत आणि बरीच आहेत. विंदा करंदीकर इंग्रजी शिकवायचे, कविता मराठीत लिहायचे, ज्ञानेश्वरांचा 'अमृतानुभव' त्यांनी आजच्या मराठीत आणला, आणि उतारवयात देकार्त, स्पिनोझा, कांटपासून आपल्या चार्वाकापर्यंत आठ दर्शनं थेट पद्यात मांडली. यापेक्षा आंतरविद्याशाखीय काय असतं मला माहीत नाही, फक्त तेव्हा त्याला कुणी तसं म्हणत नव्हतं. अरुणा ढेरे कवयित्री आहेत, लोकसाहित्याच्या अभ्यासक आहेत आणि विस्मरणात गेलेल्या बायकांची चरित्रं शोधून त्यांनी लिहिलीयत, २०१९ला यवतमाळच्या साहित्य संमेलनाच्या त्या अध्यक्षा होत्या. कुमुद पावडे संस्कृतच्या प्राध्यापक होत्या, आणि एका दलित मुलीनं संस्कृत शिकणं म्हणजे काय हे त्यांनी स्वतःबद्दलच लिहून सांगितलं. तो लेख आज समाजशास्त्रातही वाचतात आणि शिक्षणशास्त्रातही.

म्हणजे करिअर असतं, पण ते आपणच जुळवावं लागतं. नोकरी एका विषयाच्या नावावर मिळते, बाकीच्या दोन गोष्टी आपण तिच्या आत नेऊन बसवायच्या.

कविता आणि संशोधन ही तर दोन टोकं ना? सर म्हणतात एक काहीतरी धर.

सरांचं म्हणणं कळतं, त्यांना तुमचा थिसिस वेळेत सबमिट करून हवाय. पण मराठीपुरतं बोलायचं तर ही टोकं अलीकडेच वेगळी झालीत. तेराव्या शतकात म्हाइंभटानं चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या कशा, तर ज्यांनी पाहिलं-ऐकलं त्यांना गाठून, विचारून. आजच्या भाषेत ती मौखिक इतिहासाची फील्डवर्क झाली, आणि हाती आलं ते मराठी गद्यातलं पहिलं मोठं जीवनलेखन. (हे काम जिथे झालं त्या रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालंय, जागा बरोबर निवडलीय.) तुकोबांनी एका अभंगात आपली जात, घरचा धंदा, दुष्काळात गेलेला पैसा, अन्न अन्न करत मेलेली बायको, मोडलेलं मन असं सगळं ओळीनं सांगितलंय. आणि संत बहिणाबाईंनी तर आख्खं आत्मचरित्र अभंगांत लिहिलं, त्यात नवऱ्याची मारहाण आहे, वासराचा लळा आहे, स्वप्नात तुकोबा येणं आहे, आणि मागचे जन्मसुद्धा आहेत.

पण मला सगळ्यात जवळचं वाटतं ते जात्यावरच्या ओव्यांचं काम. गी पॉयत्वां आणि हेमा राईरकर यांनी खेड्यापाड्यांतल्या बायकांसोबत बसून ओव्या जमवल्या, हजारच्या वर गावं आणि एक लाखाच्या वर ओव्या. बर्नार्ड बेल हे कॉम्प्युटरवाले, संगीताचा अभ्यास असलेले, त्यांनी त्याचा डेटाबेस उभा करायला मदत केली. आता हा साठा 'पारी'वर, म्हणजे पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडियावर, २०१७पासून येतोय, ओवी ऐकता येते, गाणारीचं नाव, गाव, फोटो दिसतो. आता सांगा, याला कुठल्या खात्यात टाकाल? ओवी कविता आहेच. ती गाणारीचं आयुष्यही आहे, सासर, माहेर, भाऊ, पाऊस, पंढरी, बाबासाहेबसुद्धा. आणि तिच्या मागे समाजशास्त्र, संगीत, भाषाशास्त्र, कॉम्प्युटर सगळं उभंय. इथे तिन्ही गोष्टी कुणी मुद्दाम एकत्र केल्या नाहीत, मालच असा होता की एका विषयाच्या पिशवीत मावत नव्हता. मला वाटतं हीच खरी कसोटी. सामग्री मागत असेल तर तिन्ही वापरा, ती मागत नसेल तर नुसतं फॅशन म्हणून नको.

कवितेतला 'मी' पुरावा म्हणून धरता येतो का?

हा प्रश्न व्हायवाला, म्हणजे थिसिसच्या तोंडी परीक्षेला, हमखास येतो, म्हणून थोडं सविस्तर.

फिलिप लजन नावाच्या फ्रेंच अभ्यासकानं १९७५मध्ये आत्मचरित्राचा करार अशी कल्पना मांडली. सोपं करून सांगायचं तर मुखपृष्ठावरचं नाव, गोष्ट सांगणारा आणि गोष्टीतला माणूस हे तिघं एकच आहेत असं लेखक वाचकाला कबूल करतो, आणि वाचक त्या भरवशावर वाचतो. कवितेत असा करार नसतो. कवितेतला 'मी' कवी असेल, नसेल, शेजारीण असेल, देव असेल. त्यामुळे एखाद्या कवितेत 'मी धरणावर खडी फोडली' असं आलं म्हणून कवीनं खडी फोडली असं थिसिसमध्ये लिहिलंत तर बाहेरचे परीक्षक तिथेच धरणार, आणि बरोबरच धरणार.

मग तुकोबांच्या त्या अभंगाचं काय? तिथे बघा, अभंगाच्या बाहेरही आधार मिळतो. १६३०च्या सुमाराचा दख्खनचा भयंकर दुष्काळ इतर साधनांतूनही माहीत आहे, त्यामुळे अभंग आणि ती साधनं शेजारी ठेवून वाचता येतात. बहिणाबाईंच्या मागच्या जन्मांचं तसं करता येत नाही, करायचंही नसतं. तिथे प्रश्न बदलायचा: हे घडलं का असं न विचारता, सतराव्या शतकातल्या एका ब्राह्मण बाईला शूद्र गुरू केल्याचं सांगण्यासाठी आयुष्याची गोष्ट इतक्या लांबून का सुरू करावीशी वाटली, हे विचारायचं. म्हणजे तीच कविता एका प्रश्नाला पुरावा असते आणि दुसऱ्या प्रश्नाला नसते. पद्धतीच्या प्रकरणात हे दोन पानं स्वच्छ लिहा, पुढचा निम्मा त्रास वाचतो.

दलित आत्मकथनांबाबत आणखी एक गंमत. दया पवार आधी कवी, 'कोंडवाडा' हा कवितासंग्रह आधी आला आणि 'बलुतं' हे आत्मकथन १९७८ला. दोन्ही शेजारी ठेवून वाचा, कवितेत काय सांगता आलं आणि कशासाठी गद्यात यावं लागलं हा एक अख्खा पीएचडीचा विषय आहे. अर्थात शोधगंगावर, म्हणजे देशभरातले थिसिस जिथे ठेवतात त्या साइटवर, बघून घ्या कुणी केलाय का.

विषय कसा निवडू?

शीर्षकापासून सुरुवात करू नका. 'मराठी कवितेतील स्व, स्मृती आणि अवकाश: एक आंतरविद्याशाखीय अभ्यास' असं काहीतरी छान वाजतं पण आत काय आहे ते विचारलं की मुलं गप्प. आधी सामग्री हातात घ्या. एखाद्या कवीच्या घरी पडलेली पत्रं, गिरणी कामगारांच्या बायकांच्या आठवणी, ऊसतोडीला जाणाऱ्या टोळीतली गाणी, गोव्यातून मुंबईत आलेल्या कलावंतिणींच्या कुटुंबांच्या कथा, जे तुम्हाला खरंच मिळू शकतं ते. मिळेल का याची खात्री आधी, सिद्धांत नंतर.

आणि आर्काइव्ह बघायची सवय लावा, आपल्याकडे लोक एमए होतात पण पुण्याचं पेशवे दप्तर कुठे आहे माहीत नसतं. भारत इतिहास संशोधक मंडळ, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, एल्फिन्स्टनच्या इमारतीतलं राज्य अभिलेखागार, धुळ्याचं राजवाडे मंडळ, गोव्यात असाल तर तिथलं पुराभिलेख खातं. एकोणिसाव्या शतकात किंवा त्याच्या मागे जायचं असेल तर मोडी शिका. मोडी येणारा साहित्याचा विद्यार्थी आज फारच कमी सापडतो, आणि ते शिकायला वाटतं तितकं अवघड नाही.

आंतरविद्याशाखीय म्हणजे नक्की किती? दोन विषयांची पुस्तकं वाचली की झालं?

नाही. आणि आधी एक घोळ दूर करते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा २०१६नुसार आपल्या विद्यापीठांत चार विद्याशाखा आहेत, त्यातली एक 'आंतरविद्याशाखीय अभ्यास'. नाव बघून मुलं तिकडे धावतात, पण तिच्यात शिक्षणशास्त्र, शारीरिक शिक्षण, ग्रंथालयशास्त्र, पत्रकारिता, समाजकार्य असे विषय असतात. तुमची मराठी आणि इतिहास यांची सरमिसळ बहुतेक मानवविज्ञान शाखेतच नोंदवली जाईल.

आता मुद्दा. दुसऱ्या विषयातली चार अवतरणं टाकणं वेगळं आणि त्या विषयाची पद्धत शिकणं वेगळं. समाजशास्त्र म्हणत असाल तर मुलाखत कशी घ्यायची, कुणाची घ्यायची, कुणाची राहिली हे कसं नोंदवायचं ते आलं पाहिजे. इतिहास म्हणत असाल तर कागद कुणी, कुणासाठी, का लिहिला ते विचारता आलं पाहिजे. शर्मिला रेगे मूळच्या समाजशास्त्राच्या, पुणे विद्यापीठातल्या. दलित बायकांची आत्मकथनं त्यांनी 'टेस्टिमोनिओ' म्हणून वाचली, म्हणजे एका बाईची कहाणी म्हणून नाही तर समूहाच्या वतीनं दिलेली साक्ष म्हणून. २००६च्या त्यांच्या पुस्तकात या बायकांचे उतारे आणि जातीचं-लिंगभावाचं समाजशास्त्र एकमेकांना जाब विचारतात. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी तर आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना घरोघरी जाऊन भेटून त्यांच्या आठवणी नोंदवल्या, १९८९ला ते पुस्तक आलं, आणि त्या चळवळीच्या इतिहासात बायका कुठे होत्या या प्रश्नाला पहिल्यांदा धड उत्तर मिळालं. नोकरीनं त्या प्राध्यापक नव्हत्या, हे मुद्दाम सांगतेय.

प्रॅक्टिकल सल्ला: दुसऱ्या विषयाचा को-गाईड घ्या, २०२२च्या पीएचडी नियमांत त्याची सोय आहे. आणि कोर्सवर्कमध्ये एक पेपर त्या विभागात जाऊन करायची परवानगी मागा. मिळाली नाही तर मागच्या बाकावर बसून ऐका, कुणी हाकलत नाही.

नेट आधी, सेट आधी की पीएचडी आधी?

नेट (देशपातळीवरची) किंवा सेट (राज्याची) ही प्राध्यापकीची पात्रता परीक्षा आधी, शंका नको. जुलै २०२३मध्ये यूजीसीनं स्पष्ट केलंय की सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट/सेट ही किमान अट, पीएचडी ऐच्छिक. पण ऐच्छिक म्हणजे फायदा नाही असं नाही, शॉर्टलिस्टिंगला पीएचडीचे गुण घसघशीत असतात.

जून २०२४पासून नेटचे तीन प्रकार झालेत: जेआरएफसह (ही संशोधनाची फेलोशिप) सगळं, फक्त सहायक प्राध्यापक आणि पीएचडी प्रवेश, आणि फक्त पीएचडी प्रवेश. दुसऱ्या-तिसऱ्या प्रकारात प्रवेशाच्या यादीत नेटच्या गुणांना ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन असतं, आणि तो निकाल पीएचडी प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो, हे लोक विसरतात आणि मग रडतात. सेट महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं. तुम्हाला इथेच नोकरी करायची असेल तर सेट पुरते, पण जेआरएफचे पैसे नेटमधूनच.

पीएचडीला किमान तीन, कमाल सहा वर्षं. त्यापुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, आणि बायकांना आणि ४० टक्क्यांपेक्षा जास्त अपंगत्व असणाऱ्यांना आणखी दोन. एमफिल बंद झालं. गाईड शोधताना एक हिशोब करा: प्रोफेसरकडे एका वेळी आठ, असोसिएटकडे सहा, असिस्टंटकडे चार विद्यार्थी, आणि रिटायरमेंटला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर नवीन विद्यार्थी घेता येत नाही. मोठं नाव बघून वर्षभर रांगेत उभं राहण्यापेक्षा जिथे जागा आहे आणि जो माणूस तुमचं लिखाण खरंच वाचतो तिथे जा.

एमए मराठी, नेट मराठी, पण पीएचडी विमेन्स स्टडीजमध्ये केली तर?

जपून. भरतीच्या वेळी एमए आणि नेट कुठल्या विषयात आहे ते आधी बघतात. पीएचडी शेजारच्या विषयात असली तर 'संबंधित विषय' आहे का यावर स्क्रुटिनी कमिटीत काथ्याकूट होतो. जानेवारी २०२५मध्ये यूजीसीनं नवीन भरती नियमांचा मसुदा काढला, त्यात ही भिंत सैल करायची भाषा होती, पण मसुद्यावर आयुष्य बेतू नका. माझं मत विचाराल तर पीएचडी मूळ विषयाच्या विभागात नोंदवा, आंतरविद्याशाखीय पद्धत आत वापरा.

थिसिसमध्ये माझ्या स्वतःच्या कविता टाकू शकते का?

बाहेर चालतं. इंग्लंडात ईस्ट अँग्लिया विद्यापीठात सर्जनशील लेखनाचं एमए १९७०लाच सुरू झालं, आणि तिकडे आज कवितासंग्रह अधिक चिकित्सक निबंध अशी पीएचडी मिळते. आपल्या सरकारी विद्यापीठांत आरआरसीसमोर, म्हणजे विषय मंजूर करणाऱ्या समितीसमोर, 'माझ्या कविता हाच माझा थिसिस' असं म्हटलंत तर चहा येण्याआधी बाहेर याल.

पण मधला रस्ता आहे. फील्डवर्कची टिपणं तुम्ही कवितेत लिहिली असतील तर ती परिशिष्टात द्या आणि पद्धतीच्या प्रकरणात ती टिपणं म्हणून कशी वापरलीत ते सांगा. स्वतःच्या अनुभवाचं विश्लेषण करायचं असेल तर त्याला ऑटोएथ्नोग्राफी म्हणतात, ती मान्य पद्धत आहे, फक्त स्वतःकडे दुसऱ्या कुणाकडे बघावं तसं कडक नजरेनं बघावं लागतं, आणि तेच जमत नाही. जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा आधी रडगाणं असतं आणि मग तीन फ्रेंच नावं.

कवितासंग्रहाला पॉइंट मिळतात का?

भरतीत संशोधनाचे गुण मोजायचा २०१८च्या यूजीसी नियमावलीतला तक्ता बघा. भाषा आणि मानव्यविद्येत पीअर-रिव्ह्यूड जर्नलमधल्या एका पेपरला १०, राष्ट्रीय प्रकाशकानं काढलेल्या पुस्तकाला १०, आंतरराष्ट्रीयला १२, संपादित ग्रंथातल्या प्रकरणाला ५, पुस्तकाच्या अनुवादाला ८. कविता असा वेगळा रकाना नाही. काही ठिकाणी संग्रह 'पुस्तक' म्हणून धरतात, काही ठिकाणी कमिटीवरचा कुणीतरी चष्मा खाली करून विचारतो की हे संशोधन कसं.

माझा नियम साधा आहे, कविता पॉइंटसाठी फाईलमध्ये लावायचीच नाही. फाईल पेपरांनी आणि अनुवादांनी भरा. कवितेचा हिशोब करायला लागलात की हळूहळू तुम्ही हिशोबाच्या कविता लिहायला लागता, हे मी चांगल्या चांगल्या लोकांचं झालेलं बघितलंय. संग्रहाला पुरस्कार मिळाला तर तो बायोडेटात एका ओळीत लिहा, बास.

मग पेपर छापायचे कुठे? केअर लिस्ट गेली ना?

गेली. फेब्रुवारी २०२५मध्ये यूजीसीनं मान्य जर्नलांची ही यादी बंद केल्याचं जाहीर केलं, आता जर्नल कसं पारखायचं याचे निकष दिलेत आणि जबाबदारी संस्थांवर टाकलीय. याचा अर्थ काही लोकांनी 'आता काहीही चालतं' असा घेतलाय. तुम्ही घेऊ नका. पैसे भरा आणि आठ दिवसांत छापून घ्या म्हणणारं जर्नल, एकदिवसीय सेमिनार आणि आयएसबीएनवाला जाडजूड ग्रंथ ज्यात दोनशे पेपर आणि एकही धड वाचलेला नाही, यांच्यापासून लांब राहा. आणखी एक, २०२२च्या नियमांनंतर थिसिस देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिलेली नाही, विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते ती बघा.

मराठीत लिहिणाऱ्यांनी वाईचं 'नवभारत', 'समाज प्रबोधन पत्रिका', 'भाषा आणि जीवन', तत्त्वज्ञानाकडे झुकत असाल तर 'परामर्श' हे वाचायला सुरुवात करा, छापणं नंतर. कविता 'कविता-रती', 'मुक्त शब्द' अशा ठिकाणी पाठवा आणि उत्तर यायला वेळ लागतो हे धरून चला.

पैशाचं काय?

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,०००, वर घरभाडं. नाही मिळाली तर तुमच्या प्रवर्गाप्रमाणे बार्टी, सारथी, महाज्योती या सरकारी संस्थांच्या फेलोशिप बघा. जाहिराती उशिरा येतात, पैसे त्याहून उशिरा, आंदोलनंही होतात. हाती आल्याशिवाय भाड्याचं घर बदलू नका.

पर्मनंट असिस्टंट प्रोफेसरचं सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७००. ते ऐकून सगळे खूश होतात. पण मधली वर्षं सीएचबीवर जातात, तासावर पैसे, सुट्टीत शून्य, आणि बिल निघायला महिनोन् महिने. अनेक जण नेट, सेट, पीएचडी सगळं होऊन चाळिशीपर्यंत तिथेच आहेत. हे लपवून कुणाला या वाटेवर आणणं मला पटत नाही. म्हणून हाताशी दुसरं काहीतरी ठेवा: अनुवाद, मुद्रितशोधन, संपादन, आर्काइव्हचं काम, मुलाखतींचं लिप्यंतर. योगायोगानं ही सगळी कामं याच विषयाला उपयोगी पडतात. शिवाय आयआयटी मुंबईचा मानव्यविद्या विभाग, टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), खासगी विद्यापीठं इथेही बघा, तिकडे दोन-तीन विषयांत पाय असलेला माणूस कधी कधी अडचण न वाटता हवासा वाटतो.

पहिल्या पुस्तकासाठी राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. स्वतःचे पैसे घालून संग्रह काढण्याआधी तिथे हस्तलिखित पाठवा.

घरच्यांबद्दल लिहायचंय. वडील जिवंत आहेत. काय करू?

वडिलांना वाचायला द्या. छापण्याआधी.

एवढ्यानं भागत नाही हे मलाही कळतं. वडील दारू पिऊन आईला मारायचे हे लिहायचं असेल तर त्यांची परवानगी कशी मागणार? आणि ती गोष्ट तुमची, आईची की त्यांची? यावर नियम नाही. पण काही गोष्टी ठरवून ठेवता येतात. आईचं आयुष्य उघडं पडत असेल तर तिचं 'नको' हे शेवटचं. लहान भावंडं, वहिनी, जिचं लग्न व्हायचंय अशी चुलत बहीण, यांच्याबद्दलचा मजकूर गोष्टीला खरंच लागतो का ते पुन्हा बघा, बऱ्याचदा लागत नाही. नाव बदललं तरी गावात ओळखतातच, त्यामुळे नाव बदललं म्हणजे झालं असं समजू नका. आणि ज्याच्यावर राग आहे त्याच्याबद्दलचं प्रकरण सगळ्यात शेवटी लिहा.

कायद्याचंही थोडं: बदनामीचं कलम आता भारतीय न्याय संहितेत ३५६ आहे. जुन्या पत्रांबद्दल तर सगळ्यांचा गैरसमज असतो. पत्र तुमच्या आजोबांना आलेलं असेल तर कागद तुमचा, मजकुराचा कॉपीराइट लिहिणाऱ्याचा, आणि त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांचा; पत्र कधीच छापलेलं नसेल तर साठ वर्षं मृत्यूपासून नाही, पहिल्यांदा छापल्यापासून मोजतात. एखाद्या प्रसिद्ध कवीचं पत्र ट्रंकेत सापडलं म्हणून थेट छापू नका, वारसांना विचारा, बहुतेक जण हो म्हणतात.

मुलाखती घेताना?

आधी विद्यापीठाच्या एथिक्स कमिटीचं काय ते विचारा. संमती मराठीत घ्या, बाईंना वाचता येत नसेल तर वाचून दाखवा आणि तोंडी होकार रेकॉर्ड करा. एक तासाच्या रेकॉर्डिंगचं लिखाण करायला पाच-सहा तास सहज जातात. मोबाईलचं ऑटोमॅटिक लिप्यंतर प्रमाण मराठीत बरं चालतं, अहिराणी, वऱ्हाडी किंवा मालवणी आली की काहीच्या बाही लिहितं, त्यामुळे कानानं तपासाच. बोली सुधारून लिहू नका. आणि काम झाल्यावर पुस्तक किंवा निदान छापील प्रत घेऊन परत जा. ओव्या गाणाऱ्या बायकांची नावं त्या संग्रहात ओवीशेजारी आहेत, 'एक ग्रामीण स्त्री' असं नाही. तेवढं तर करता येतं.

मराठीत लिहू की इंग्रजीत?

थिसिस ज्या भाषेत तुम्ही भांडू शकता त्या भाषेत. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ला अभिजात दर्जा मिळाला म्हणून मराठी थिसिसला बाहेर वाचक मिळेल असं होत नाही, त्यासाठी दोन-तीन पेपर इंग्रजीत लागतीलच. बेबी कांबळेंचं आत्मकथन मराठीत होतंच, पण माया पंडित यांनी ते २००८ला इंग्रजीत नेल्यावर ते जगभरच्या अभ्यासक्रमात गेलं. अनुवाद हे दुय्यम काम आहे हा समज सोडा.

एआयनं लिहिलं तर पकडतात का?

पकडतात की नाही सोडा. साहित्यचोरीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, पुढे शिक्षा चढत जाते. पण तुम्ही आजीच्या आठवणींवर काम करताय आणि वाक्यं मशीनची, मग करताय कशाला?

हे सगळं करताना कविता कधी लिहायची?

सकाळी, किंवा लोकलमध्ये, किंवा सुपरव्हिजनला (हे मी बोलले नाही). थिसिसच्या शेवटच्या वर्षात बहुतेकांची कविता थांबते, नंतर परत सुरू होते. थांबली म्हणून घाबरू नका, पण वाचणं थांबवू नका.

मॅडम, सिनॉप्सिस शुक्रवारी द्यायचाय आणि काहीच सुचत नाहीये.

मग आज हे करा. पहिल्या परिच्छेदात तुमच्याकडे काय सामग्री आहे ते नावानिशी लिहा, किती वह्या, किती पत्रं, कुणाच्या मुलाखती होऊ शकतात. दुसऱ्यात एकच प्रश्न, प्रश्नचिन्हासकट. तिसऱ्यात दुसऱ्या विषयाची कुठली पद्धत वापरणार आणि ती कुणाकडून शिकणार. चौथ्यात शोधगंगावरचे चार जवळचे थिसिस आणि तुमचं काम त्यांच्यापेक्षा कुठे वेगळं आहे ते. प्रकरणांची यादी शेवटी, ती तशीही बदलणार आहे. 'समाज', 'वास्तव', 'जाणीव' हे शब्द शोधून काढा आणि जिथे काढूनही वाक्य उभं राहतं तिथे काढून टाका. कविता जोडू नका. गुरुवारी दुपारपर्यंत मला पाठवलंत तर रात्री बघून देते, त्यानंतर पाठवलंत तर गाईडकडे जा.